.308 साठी कुठली पावडर घेऊ? चार्ट मिटव, आधी काडतुसाची केस बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा की टेक्सासमध्ये राहतोस, ग्रीन कार्ड झालंय, .308 काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची) घेतलीस, 168 ग्रेन वजनाच्या बुलेटने कागदावर नेम धरायचा आणि नोव्हेंबरात 150 ग्रेनने हरणाची शिकार करायची, घरीच काडतुसं भरायला प्रेस आणि डाय (भरायचं यंत्र आणि त्याचे साचे) आणून बेंच लावलंस, आणि आता दुकानात पावडरच्या चाळीस बाटल्या बघून डोकं गरगरलंय. वर एका मित्राने 4350 नावाच्या पावडरचा अर्धा डबा फुकट दिलाय तो चालेल का. दादा म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. मी इथे वीस वर्षांच्या वर घरी काडतुसं भरतोय, गावी कुडाळकडे आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती त्यामुळे वास लहानपणापासून नाकात आहे, पण ती काळी दारू आणि ही पावडर यात सांगण्यासारखं एकच नातं म्हणजे दोन्हींना मराठीत आपण दारूच म्हणतो. मी पहिल्यांदा आईला फोनवर कौतुकाने सांगितलं की घरात आठ पाउंड दारू आणून ठेवलीय, तर ती दोन मिनिटं काही बोललीच नाही.

आधी तेवढं कायद्याचं उरकतो. हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात परवाना नसताना काडतूस बनवणं हा आर्म्स अ‍ॅक्ट 1959 खाली गुन्हा आहे, रायफलचं लायसन्स आहे म्हणून घरी भरता येईल असं नाही, त्यामुळे गावाकडच्या कोणी हे वाचून उद्योग करू नयेत. आणि इथेसुद्धा एच-वन-बी, एफ-वन असल्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक आणि काडतूस बाळगायला फेडरल कायद्याने मुळात बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. तुझं ग्रीन कार्ड आहे म्हणून पुढचं लिहितोय.

आता मुद्दा. नवीन माणूस पहिली चूक ही करतो की बर्न रेटचा चार्ट (पावडरींची जलद ते हळू अशी यादी) उघडून बसतो आणि कुठली पावडर सगळ्यात जास्त वेग देते ते शोधतो. चार्ट वाईट नाही पण तो फक्त रांग आहे, दहावीच्या मेरिट लिस्टसारखी, पहिल्या आणि दुसऱ्यात दहा मार्कांचा फरक आहे की अर्ध्या मार्काचा हे त्यात दिसत नाही. आणि नावातल्या नंबरवर तर अजिबात जाऊ नको. आयएमआर या ब्रँडची 4895 ही त्याच ब्रँडच्या 4350 पेक्षा जलद आहे, नंबर मोठा असूनही. एच-380 चं तर सांगतात की हॉजडन पावडर कंपनीच्या ब्रूस हॉजडनला .22 च्या एका वाइल्डकॅटमध्ये (हौशी लोकांनी स्वतः घडवलेल्या काडतुसात), जी पुढे .22-250 झाली, 38.0 ग्रेन पावडरला मस्त ग्रुप (गोळ्या एकमेकींजवळ लागणं) मिळाला म्हणून नाव 380. म्हणजे कुठे नंबर, कुठे माणसाचा मूड.

जलद म्हणजे काय ते समजून घे. गावी अंघोळीच्या पाण्याचा बंब आठव. चिपाडं टाकली की भसकन पेटतात आणि पाच मिनिटात राख, बाभळीचा ओंडका टाकला तर दमाने तासभर धग. पावडरचंही तेच, फक्त एक फरक आहे आणि तो जिवाशी खेळणारा आहे. ही पावडर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, काहींत वर नायट्रोग्लिसरीन, दाब वाढला की अजून जोरात जळते, जोरात जळली की दाब अजून वाढतो. उघड्यावर काडी लावलीस तर फुसफुसत पिवळ्या ज्वाळेने जळून जाईल, तीच बंद पितळी केसमध्ये (काडतुसाचं कवच, ज्यात पावडर भरून पुढे बुलेट बसवतात) सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात 60 हजार पीएसआयला (चौरस इंचावर इतके पाउंड दाब) जाते. .308 ची साम्मीची (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) कमाल मर्यादा 62,000 पीएसआय आहे, .30-06 ची 60,000, .223 ची 55,000. या मर्यादेत राहून दाब हळू चढावा म्हणून कारखान्यात दाण्याला वरून जळणं मंदावणारा लेप देतात, आणि ग्रॅफाइट चढवतात ज्याने दाणा घरंगळतो आणि स्टॅटिक धरत नाही, म्हणून तो काळा चकचकीत दिसतो.

आता केस बघ. .308, .30-06 आणि .300 विनचेस्टर मॅग्नम, तिन्हींची बुलेट एकाच जाडीची. पण काठोकाठ पाणी भरलंस तर .308 मध्ये साधारण 56 ग्रेन पाणी मावतं, .30-06 मध्ये 68 च्या आसपास, .300 मॅग्नममध्ये 90 च्या आसपास. (ग्रेन म्हणजे दाणा नव्हे, वजन. सोनाराची गुंज असते ना, तिच्या साधारण निम्मं. एका पाउंडात 7000 ग्रेन.) भोक तेवढंच आणि मागची टाकी मोठी मोठी होत जाते, तर मोठ्या टाकीत जलद पावडर भरून चालणार नाही, बुलेट हलायच्या आतच दाब डोक्यावर जाईल. म्हणून केस मोठी तशी पावडर हळू, आणि त्याच केसमध्ये बुलेट जड केली तरी थोडी हळू. .300 मॅग्नमला एच-1000, रीलोडर 22 असल्या, .30-06 ला 4350 पर्यंतच्या, 6.5 क्रीडमूरला एच-4350 तर जणू लग्नाचीच बायको, आणि .308 ला मधल्या. .223 ला त्याहून जलद, एच-335, बेंचमार्क वगैरे, फक्त 77 ग्रेनसारखी जड बुलेट असेल तर तिथेही व्हारगेट येते.

यावरून मित्राच्या 4350 चं उत्तर निघतं. .308 मध्ये 150 किंवा 168 बुलेटला ती हळू पडते, केस तोंडापर्यंत भरली तरी दाब पुरेसा चढत नाही, वेग कमी, नळीत काजळी, बाहेर न जळलेले दाणे. धोका फार नाही पण मजाही नाही. खरा धोका वेगळाच आहे आणि तो मी खाली सांगतो.

मी निवडताना काय बघतो तर, लोडिंगच्या पुस्तकातल्या मधल्या चार्जला (एका काडतुसात घालायची पावडर) केस जवळजवळ भरली पाहिजे, नव्वद ते शंभर टक्के. हे मला वेगापेक्षा महत्त्वाचं वाटतं, आणि याच्यावर माझं आमच्या रेंजवरच्या म्हाताऱ्यांशी भांडण होतं पण मी मागे हटत नाही. केस भरलेली असेल तर चुकून डबल चार्ज पडूच शकत नाही, सांडतं आणि दिसतं. दुसरं, पावडर केसमध्ये इकडेतिकडे लोळत नाही, रायफल खाली धरून उचलली काय किंवा वर, प्रायमरची (केसच्या बुडाशी पावडर पेटवणारी टिकली) ज्वाळा दर वेळी सारखीच पडते, वेगातला चढउतार कमी. आणि हळू पावडर मोठ्या केसमध्ये फार थोडी घालणं हे तर कधीच करू नको, कमी घातली म्हणजे सुरक्षित असं हळू पावडरचं नसतं, अशा लोडने (म्हणजे पावडर-बुलेटच्या जोडणीने) रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत. हलका लोड हवाच असेल, समज मुलाला शिकवायचंय आणि धक्का कमी हवा, तर एच-4895 घे, हॉजडन स्वतः सांगतं की ती त्यांच्या कमाल चार्जच्या 60 टक्क्यांपर्यंत खाली नेता येते. ही सूट त्या पावडरची आहे, शेजारच्या बाटलीची नाही.

.308 साठी म्हणजे तुझ्यासाठी नावं घ्यायची तर व्हारगेट, आयएमआर 4064, एच-4895 किंवा आयएमआर 4895, रीलोडर 15, विहतावुओरी एन140. यातली कुठलीही मिळाली तर घरी ये. माझं मत विचारशील तर 168 ला व्हारगेट किंवा 4064, आणि दोन्ही बुलेट एकाच बाटलीत उरकायच्या असतील तर 4895. 4895 ही मुळात .30-06 च्या लष्करी काडतुसाची पावडर, दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडे ढिगाने उरली आणि कॅन्ससमधल्या हॉजडनने ती विकत घेऊन लोकांना विकायला सुरुवात केली, त्या धंद्याचा पाया तिथला. गंमत म्हणजे आज हॉजडनच्या बाटलीतली व्हारगेट आणि एच-4350 येतात ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला गावच्या कारखान्यातून, तिथले लोक त्याच पावडरला एआर2208 आणि एआर2209 म्हणतात. आयएमआरचे जुने नंबर कॅनडातून, क्वेबेकमधून, आणि विहतावुओरी फिनलंडची. म्हणून कुठे जहाज अडकलं, कुठे युद्ध पेटलं की आपल्या इथल्या दुकानातलं शेल्फ रिकामं होतं. 2020 नंतरची दोन-तीन वर्षं आठवणाऱ्यांना विचार, प्रायमर तर सोन्यासारखे जपून ठेवत होतो. त्यामुळे दुकानात जाताना एकच नाव डोक्यात धरून जाऊ नको, वरच्या यादीतली चार धरून जा आणि जी समोर असेल तिचं पुस्तकातलं पान आधी फोनवर बघ, मग पैसे दे.

आणि हो, एच-4895 आणि आयएमआर 4895 या दोन वेगळ्या पावडर आहेत. एच-4350, आयएमआर 4350 आणि अ‍ॅक्युरेट 4350 या तीन वेगळ्या. आडनाव एक म्हणून घर एक नसतं, कुलकर्णी गावोगाव आहेत. एकीचा चार्ट दुसरीला लावायचा नाही.

आता स्टिक की बॉल. स्टिक म्हणजे पेन्सिलच्या शिशाचे बारीक तुकडे केल्यासारखे दाणे, .308 साठी वर सांगितलेल्या सगळ्या त्यातल्याच. बॉल म्हणजे मोहरीहून बारीक गोल किंवा चपटे दाणे, उदाहरणार्थ टॅक, सीएफई 223, बीएलसी-2. पावडर मेजरमधून, म्हणजे हँडलने पावडर मोजून टाकणाऱ्या यंत्रातून, बॉल पाण्यासारखी वाहते, हँडल वर-खाली केलं की दर वेळी दशांशाच्या फरकात सारखं माप. स्टिकचं तसं नाही, लांब दाणा ड्रमच्या धारेत अडकतो आणि हँडल दाबताना हाताला कचकन् काहीतरी तुटल्याचं लागतं, ते दाणे कापले जाताहेत, 4064 ला तर हमखास, आणि मग एक माप कमी एक जास्त. पहिल्यांदा मी घाबरलो होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण मी स्टिकचं माप थोडं कमी टाकून उरलेलं चिमटीने, ट्रिकलरने (दाणा दाणा टाकणारं छोटं यंत्र) काट्यावर पुरं करतो. पन्नास काडतुसांना दीड तास जातो, बाजूला नाट्यसंगीत लावतो. तुला हजारोंनी भरायची नाहीयेत, बोल्ट अ‍ॅक्शन आहे, तर स्टिकचा त्रास परवडेल.

पण बॉलकडे मी का कमी वळतो त्याचं कारण दुसरं आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी .308 चा एक लोड बसवला, एका बॉल पावडरवर, सकाळी बाहेर चाळीसच्या आत फॅरनहाइट, पुस्तकातल्या कमालच्या अगदी जवळ, सगळं झकास, ग्रुप पण छान. त्याच खोक्यातली काडतुसं ऑगस्टमध्ये घेऊन गेलो, बाहेर 102, आणि खोकं ट्रकच्या सीटवर उन्हात अर्धा तास पडलं होतं. पहिली गोळी झाडली आणि बोल्ट वर उचलेना. तळहाताने ठोकून उघडला तर प्रायमर इस्त्री केल्यासारखा सपाट, केसच्या बुडाला इजेक्टरचा चकचकीत गोल शिक्का. पुढची झाडली नाही. घरी येऊन साठ काडतुसं हातोडीसारख्या पुलरने एकेक ठोकून उघडली, एक अख्खी संध्याकाळ गेली आणि खांदा धरला. चूक पावडरची नव्हती, माझी होती, थंडीत कमालपर्यंत चढून बसलो. उष्णतेने दाब सगळ्याच पावडरींचा वाढतो पण काहींचा फार, काहींचा थोडा. व्हारगेट, एच-4350, एच-4895 ज्या गटात येतात त्या गटाचं नावच त्यासाठी झालंय की थंडी-उन्हाने वेग फार हलत नाही. टेक्सासमध्ये राहणाऱ्याने याला दहा पैकी आठ मार्क द्यावेत असं मला वाटतं, अलास्कावाल्याचं गणित वेगळं. सगळ्या बॉल पावडर वाईट असं मात्र नाही, आणि त्या वापरशील तर पुस्तकात मॅग्नम (जास्त जोराचा) प्रायमर सांगितलाय का ते बघ, त्या पेटायला जरा आळशी असतात.

पावडर बदलल्याने काय होतं याचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण अमेरिकी सैन्याच्या एम-16 रायफलचं. रायफल बसवली होती आयएमआर 4475 या स्टिक पावडरवर, आणि 1964 मध्ये सैन्याने काडतुसात डब्ल्यूसी 846 ही बॉल पावडर आणली. बुलेट तीच, वेग तोच, कागदावर सगळं ठीक. पण ही रायफल नळीतल्या गॅसवर पुढची गोळी आपोआप भरते, आणि त्या गॅसच्या भोकापाशी दाब जास्त राहिला, रायफल ठरल्यापेक्षा जलद चालायला लागली, आत मळ जास्त धरायला लागला, चेंबरला क्रोम नव्हतं, साफसफाईचं सामान पुरेसं दिलेलं नव्हतं, आणि व्हिएतनाममध्ये पोरांच्या हातात रायफली अडकल्या. 1967 मध्ये काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली तेव्हा या पावडरवर बोट ठेवलं गेलं. तुझी बोल्ट अ‍ॅक्शन आहे म्हणून तुला गॅसची काळजी नाही, पण उद्या एम-1 गॅरंड (जुनी, गॅसवर चालणारी लष्करी रायफल) घ्यायचा मोह झाला, आणि तो होतोच, तर .30-06 ची हळू पावडर त्यात घालू नको, ऑपरेटिंग रॉड वाकतो. तिला 4895 किंवा 4064, आणि गॅरंडसाठी वेगळा छापलेला डेटा.

चार्जचे आकडे मी मुद्दाम देत नाहीये, मागशील तरी देणार नाही. बुलेट कंपनीचं पुस्तक एक आणि पावडर कंपनीचा डेटा एक, दोन्ही समोर ठेव, तुझी बुलेट, तुझा ब्रास (म्हणजे केस), तुझा प्रायमर जिथे जुळतो तिथला सुरुवातीचा चार्ज घे, तो कमालपेक्षा साधारण दहा टक्के खाली असतो, आणि तिथून थोडं थोडं वर, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून. वेग पुस्तकातल्या कमालला टेकला तर चार्ज टेकला नसला तरी थांब, दाब तुला दिसत नाही, वेग दिसतो. आणि तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप बघून अमुक दशांश ग्रेनला जादू आहे म्हणणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नको, उद्या तेच परत झाडायला लाव, जादू शेजारच्या चार्जवर गेलेली असते. पन्नास-शंभर फूट पर सेकंद जास्त मिळाले म्हणून हरिण जास्त मरत नाही.

विकत घेताना पहिल्यांदा एक पाउंडच घे, पन्नास डॉलरच्या आसपास जातील. समज 40 ग्रेनचा चार्ज असला, हे फक्त हिशोबाला, तर 175 काडतुसं होतात, लोड बसवायला भरपूर. आवडली तर मग आठ पाउंडाचा डबा घे, सगळा एकाच लॉटचा, कारण लॉट बदलला की थोडं खाली उतरून परत तपासायचं. ऑनलाइन मागवलीस तर वर हॅझमॅटचा, म्हणजे धोकादायक मालाचा, चार्ज बसतो, तो डब्यामागे नसून शिपमेंटमागे असतो, म्हणून आम्ही चौघं मिळून मागवतो आणि गणपतीच्या जेवणाला वाटून घेतो, बायका डोक्याला हात लावतात.

ठेवायची कशी, तर मूळ डब्यात, थंड कोरड्या जागी, वॉटर हीटरजवळ नाही, गॅरेजमध्ये टेक्सासच्या उन्हाळ्यात तर नाहीच. आगीच्या नियमावलीत घरी 20 पाउंडापर्यंत मूळ डब्यात चालते, त्यावर 50 पर्यंत असेल तर इंचभर जाड लाकडाची पेटी किंवा कपाट लागतं, शिवाय तुझ्या शहराचा नियम वेगळा असू शकतो, तो बघ. लोक हौसेने स्टीलच्या तिजोरीत ठेवतात, ते उलट वाईट, आग लागली तर लाकडी पेटी उकलते आणि पावडर नुसती जळते, बंद तिजोरीचा बाँब होतो.

आता मित्राच्या डब्याचा खरा धोका. त्यावर 4350 लिहिलंय, पण आत 4350 च आहे हे तुला कोण सांगणार? माझंच सांगतो. एका संध्याकाळी मुलीला भरतनाट्यमच्या क्लासला न्यायची वेळ झाली म्हणून मेजरच्या हॉपरमध्ये (वरच्या भांड्यात) पावडर तशीच ठेवून पळालो, दोन दिवसांनी बेंचवर आलो तर टेबलावर दोन बाटल्या, दोन्ही स्टिक, दोन्ही काळ्या, दोन्ही उघड्या, आणि हॉपरमधली यातली कुठली ते आठवेना. दाणे तळहातावर घेऊन दिव्याखाली धरले, सारखेच दिसत होते. अंदाजाने एका बाटलीत परत ओतायचा मोह झाला, खरंच झाला, अर्ध्या पाउंडाच्या वर होती. तुझ्या मित्राला असा मोह कधी झालाच नसेल का? तेव्हापासून बेंचवर एका वेळी एकच बाटली आणि हॉपरला त्या पावडरच्या नावाची पट्टी चिकटवलेली, उठायचं तर आधी रिकामा करायचा. वास पण घेऊन बघ, चांगल्या पावडरला स्पिरिटसारखा, इथरसारखा वास येतो, आंबट झोंबणारा आला किंवा डब्यात तांबूस धूळ दिसली तर ती कुजायला लागलीय.

कशीही निघो, मित्राला धन्यवाद म्हण आणि ती हिरवळीवर पातळ पसरून टाक, ढीग करू नको, कुत्रं असेल तर त्याला दोन दिवस तिकडे सोडू नको. नायट्रोजन असतो, गवताला चालतो. माझा तो अर्धा पाउंड मागच्या अंगणातच गेला. बुलेट कुठल्या कंपनीच्या घेतल्यास आणि ब्रास कुठला ते कळव, लष्करी ब्रास असेल तर आतून जाड असतो, मग सुरुवात अजून खालून करावी लागेल.